आठ विटा

पूर्णेला लोको शेडच्या मागं आमची खोली.
मुंजा, माझा भाऊ, एकोणीस वर्षांचा,
तीन शब्दांचा.
उजेड. गाडी. झालं.
चौथा आम्ही कधी मागितला नाही.

दिवस मावळला की कंदील पुसायचा,
काच आधी राखेनं, मग सदऱ्याच्या टोकानं.
वात पेटवून दाराबाहेरच्या खुंटीला लावायचा
आणि सातची गाडी येईस्तोवर
खाली उभा राहायचा.
गाडी लेट, तर तोही लेट.
जेवण, झोप, सगळं मागं सरकायचं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात ब्लॅकआउट आला.
काचांना काळा कागद, इंजिनाच्या डोळ्याला पत्रा,
आणि शेडमधला खिल्लारे फिटर वॉर्डन झाला,
गळ्यात शिट्टी.
"दिवा! दिवा काढा तो!"
पौर्णिमा नुकतीच सरलेली, रूळ दुधासारखे चकाकत होते.
माय म्हणाली, "आधी त्या वरच्याला सांग."

पण बापानं कंदील विझवला.
मुंजा चौकटीवर डोकं आपटत राहिला,
गाडी रुळांच्या सांध्यांवरून जाते
तशा लयीत.
बापानं हात उगारला, आणि तो हात
कुठं ठेवावा ते त्याला रात्रभर कळलं नाही.

कुणी म्हणालं, चार दिवस बांधून ठेवा.
कुणी म्हणालं, अफू घाला.
तिकडं माणसं मरायलीत, आणि तुमचं हे.
माय बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी तिनं रांजण पालथा केला,
उन्हात वाळवला,
तिन्हीसांजेला पेटता कंदील दोरीनं आत सोडला.

मुंजानं वाकून पाहिलं.
उजेड, तो म्हणाला,
आणि आतून कुणीतरी मोठ्या गळ्यानं म्हणालं, उजेड.
मायनं वरून घोंगडी टाकली,
वाफाऱ्याला टाकतात तशी.
बाहेरून बघावं तर काळोख,
आणि काळोखाला दोन पाय.

नाक काळं, भुवया करपलेल्या,
गाडी येईपर्यंत तसाच.

रॉकेल कमी पडायला लागलं तेव्हा
हुसेनाबीनं वाटी पाठवली,
अफू म्हणालेल्यानंसुद्धा.
खिल्लारे आमच्या दाराशी शिट्टी वाजवेनासा झाला,
बोटानं तीनदा टकटक करायचा.
शिट्टी ऐकली की मुंजा कानात बोटं घालून
खाली बसतो,
हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

येळवसेला युद्ध थांबलं.
लोक आंबिलीची मडकी घेऊन रानात गेले,
रात्री दारोदार दिवे.
मायनं कंदील खुंटीला लावला.
मुंजानं काढला, रांजणात सोडला,
घोंगडी डोक्यावर ओढली.
पुन्हा लावला. पुन्हा काढला.
गल्ली हसली. युद्ध संपल्याचं
त्याला सांगणार कोण, आणि कुठल्या शब्दात?

मग खिल्लारेनं शेडमधून आठ विटा आणल्या,
भट्टीच्या, एका अंगानं काळ्या.
तीन-चार दिवसांनी एक, कंदिलाखाली.
आणि रोजची टकटक,
वॉर्डनकी संपून पंधरवडा झाला तरी.
उजेड वीटभर वर यायचा.
एकदा मी घाई केली, दोन ठेवल्या.
त्या रात्री तो जेवला नाही.
एक काढली.

भोगीच्या संध्याकाळी ज्योत काठाच्या वर आली.
सातची चाळीस मिनिटं लेट होती.
मुंजानं घोंगडी घडी करून मायच्या हातात दिली,
कंदील उचलला, खुंटीला लावला.
झालं, म्हणाला.
खिल्लारे दाराशी, टकटकीला वर गेलेला हात
तसाच खाली घेऊन परतला.

पुस्तकात ते युद्ध तेरा दिवसांचं आहे.
पुढं शाळेत शिकवताना
मीही फळ्यावर तेवढंच लिहायचे.
उन्हाळ्यात मायनं रांजण पुन्हा भरला.
वर्षभर पाण्याला रॉकेलचा वास यायचा.
आम्ही तेच प्यायलो.